ट्रॉलीतले डबे कसे लावता तुम्ही? (सोसायटीचा लेडीज ग्रुप)

*सी-२०४:* ताई सगळ्यांना एक विचारायचं होतं, शिफ्ट झालो तेव्हापासून किचनची घडीच बसून नाही राहिली, सकाळी टिफिनच्या घाईत तेल तापते अन् मी जिरं शोधत राहते. एकसारखे काचेचे डबे ऑनलाईन दिसून राहिले, सेटच मागवू काय?

*बी-१०१ काकू:* डबे मागून घेशील बेटा, आधी दोन-चार दिवस पाहा रोज हात कुठंकुठं जातो. आपलं रोजचं वरण, भात, भाजी, पोळी, मग तूरडाळ, तांदूळ, कणीक, तेल, मीठ अन् मिसळणाचा डबा एवढंच ओट्याजवळच्या ट्रॉलीत पाहिजे. वाटाणे, चवळी, साबुदाणा, पाहुण्यांची भांडी हे सगळं वर जाऊ दे. आणि जे एकत्र लागते ते एकत्र ठेव, माझा पोह्यांचा एक ट्रेच आहे, पोहे, शेंगदाणे अन् तर्रीसाठी चणे, एकदाच ओढला की झालं, सहा कपाटं उघडा लागत नाही.

*ए-४०३:* काकू आमचे मसाले गॅसच्या वरच्या रॅकवर आहेत, हाताशी पडते म्हणून

*बी-१०१ काकू:* तिथून काढच. खालून वाफ अन् आच, त्यात आपला नागपूरचा मे महिना, ४५ डिग्री! तिखटाचा लाल रंग उडतो, धणेपुडीचा वास जातो. कळमन्याच्या बाजारातून चांगली मिरची आणून, देठ खुडून, वाळवून, गिरणीत उभं राहून तिखट करतो आपण, त्याची अशी माती कशाला होऊ द्यायची? वर्षाचं तिखट घट्ट झाकणाच्या बरणीत, हिंगाचे खडे टाकून, अंधाऱ्या कपाटात ठेव अन् पंधरा दिवसांचं तेवढं छोट्या डब्यात काढ.

*सी-३०२:* +१ आणि मसाल्याची पिशवी थेट उकळत्या भाजीवर झटकू नका, वाफेनं गोळे होतात

*ए-४०३:* आजच हलवते 👍 डाळीला पोरकिडे लागतात त्याचं काय करता? पावसाळ्यात तर हमखास

*बी-१०१ काकू:* इतवारीच्या बाजारातून जास्तीची आणली की तूरडाळ कडक उन्हात वाळवायची अन् थंड झाल्यावरच भरायची, गरम भरली तर डब्यात घाम धरते. थोडं एरंडेल चोळून ठेवते मी. बोरिक पावडर लावू नका बाई, पोटात जाते ती. आणि नवी डाळ जुन्याच्या वर ओतायची नाही, जुनी काढून, डबा धुऊन, पूर्ण कोरडा करून नवी खाली, जुनी वर.

*सी-३०२:* मी पाकिटावरची एक्स्पायरीची पट्टी कापून डब्यातच टाकते

*सी-२०४:* हे भारी आहे 😍 काकू, तीळ, जवस अन् खोबऱ्याचा कीस कुठं ठेवू?

*बी-१०१ काकू:* उन्हाळाभर फ्रिजमध्येच, नाहीतर खवट होते. रवा भाजून ठेव. अन् सेट सध्या राहू दे, आहे त्या स्टीलच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लाव, यजमानांनाही चहासाखर सापडली पाहिजे. शनिवारी दुपारी मोकळी असशील तर येते, दोघी मिळून लावून टाकू.

*सी-२०४:* या काकू नक्की, चिठ्ठ्या अन् सेलोटेप आणून ठेवते 🙏