मदत हवी आहे : खारभूमीतल्या भाताला जिवाणू कधी लावायचे?

पेण-अलिबाग पट्ट्यातल्या खारजमिनीत पनवेल-३ हा क्षार सोसणारा भात लावायचा आहे. मातीची क्षारता ६ डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास; भाताचं उत्पादन साधारण ३ च्या पुढे घटू लागतं.

अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्युडोमोनास हे मुळांना मदत करणारे जिवाणू वापरायचा विचार आहे. क्षारांच्या ताणात मुळं जास्त इथिलीन (वनस्पतीचं एक संप्रेरक) बनवतात आणि खुरटतात. काही जिवाणू एसीसी डीअमिनेज विकरानं इथिलीनचा कच्चा माल आधीच खाऊन टाकतात. काहींचा चिकट थर सोडियमला मुळाबाहेर थोपवतो. मात्र जिवाणूच्या प्रत्येक वाणात हे गुण नसतात, आणि पाकिटावर नेमकं तेच छापलेलं नसतं!

बेत असा: ३ टक्के मिठाच्या पाण्यात पोचट बी काढून, बी दोनदा गोड्या पाण्यानं धुऊन, सावलीत सुकवून १० किलोला २५० ग्रॅम जिवाणू संवर्धक. लावणीला रोपांची मुळं अर्धा तास त्याच्या द्रावणात.

अडतं इथे:
थायरम (बुरशीनाशक) बियाला आधी चोळलं तर जिवाणूंसाठी किती तास थांबता?
द्रावणाला विहिरीचं मचूळ पाणी चालेल का? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.
उघाडीतून (खारबांधाच्या झडपेतून) भरतीचं पाणी शिरल्यावर जिवाणूंची पुन्हा मात्रा द्यावी, की आधी पावसानं क्षार धुपू द्यावेत?

खारजमिनीतच वापरलेल्यांनी जिवाणूच्या वाणाच्या नावासह सांगावं.