‘आपल्या लोकांवर प्रेम करणारा’ राजा: बिरुद खरं की टाकसाळीतली जाहिरात?

उंटावरचा शहाणा

जॉर्डनमधलं पेट्रा, म्हणजे नबाती या प्राचीन अरब लोकांची राजधानी, म्हटलं की सगळ्यांना तो गुलाबी दगडात कोरलेला ‘खजिना’ (हे वास्तूचं नाव) आठवतो. तो ज्याच्या काळातला मानतात त्या अरेटास चौथ्याला मग ‘नबात्यांचा सर्वांत थोर राजा’ ही पदवी आपोआप चिकटते. मला हे पटत नाही. इ.स.पू. ९ ते इ.स. ४०, म्हणजे जवळपास ४८ वर्षं गादी टिकली हे मान्य. पण टिकली कशी ते बघा.

त्याच्या आधीचा ओबोदास राजा वारला तेव्हा खरा कारभार सिलेयस या मंत्र्याच्या हातात होता आणि तो रोमला गेलेला. इकडे हा गडी (मूळ नाव एनियस) सम्राट ऑगस्टसला न विचारताच गादीवर बसला, अरेटास हे नाव घेतलं आणि सोन्याचा मुकुट व पत्र रोमला धाडलं, की सिलेयसने राजाला विष घातलं. ऑगस्टसने नजराणा परत पाठवला. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या म्हणण्याप्रमाणे सम्राटाला हे राज्य शेजारच्या यहुदी प्रदेशाचा राजा हेरॉड (थोरला) याला देऊन टाकायचं होतं. पण हेरॉड म्हातारा झालेला, त्यात पोरांशी हाडवैर. म्हणून बेत सोडला आणि अरेटासला चार शब्द सुनावून मान्यता दिली. शेजाऱ्याच्या घरातली भांडणं पथ्यावर पडली, दुसरं काय!

शेवटीही तेच. इ.स. ३६ च्या सुमारास याच्या फौजेने त्या हेरॉडचा मुलगा हेरॉड अँटिपस याच्या सैन्याचा धुव्वा उडवला. सम्राट तिबेरियस खवळला. सीरियाचा सुभेदार विटेलियस याला हुकूम गेला: जिवंत सापडला तर बेड्या घालून आणा, मेला तर मुंडकं पाठवा. विटेलियस जेरुसलेमला पोचतो तोच बातमी आली की तिबेरियस गेला. मोहीम बारगळली.

दोन्ही वेळा कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. आणि नाण्यांवर काय कोरलंय? ‘राहेम अम्मेह’, आपल्या लोकांवर प्रेम करणारा. टाकसाळ स्वतःची असल्यावर काय, वाटेल ते छापा.

नाणेवेडा

धागा आवडला, निष्कर्ष अजिबात नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं जोसेफसचं आहे. त्याला अरेटास लागतो तो फक्त हेरॉड घराण्याच्या गोष्टीत. शेजाऱ्याच्या दप्तरातून माणसाची पत्रिका मांडली तर तो नशीबवानच दिसणार. नबात्यांनी स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही, पण नाणी आणि शिलालेख ठेवलेत. तिकडे बघा ना जरा.

आता बिरुद. याच्या आधीच्या अरेटास तिसऱ्याने दमास्कस घेतल्यावर नाण्यांवर ग्रीकमध्ये छापलं ‘फिलहेलेन’, म्हणजे ग्रीकांचा चाहता. आसपासचे मांडलिक राजे ‘रोमचा मित्र’ म्हणवून घेण्यात धन्यता मानत होते. त्या गर्दीत हा माणूस आपल्या लिपीत, आपल्या भाषेत लिहितो की माझं प्रेम माझ्या लोकांवर आहे. रोमच्या मान्यतेवर गादी असताना! जाहिरात म्हणा हवं तर, पण जाहिरात कुणासाठी केलीय ते तरी पाहाल की नाही?

शिवाय नाण्यांवर राणीही आहे. आधी हुल्दू, नंतर शकीलत. आज सापडणाऱ्या नबाती नाण्यांत बहुसंख्य याच्याच काळातली आहेत.

सरळसोट

नाणी भरपूर पाडली, खरं आहे. चांदीत भेसळ कुणाच्या काळात वाढत गेली तेही सांगा की मग.

रानजाई

‘खजिन्या’वर कुणाचंच नाव कोरलेलं नाही, त्यामुळे त्यावरून राजाला मोजू नये असं मलाही वाटतं. मोजायचं तर हेग्राला जा. आजच्या सौदी अरेबियातलं हे ठिकाण, तिथली खडकात कोरलेली थडगी. ‘खजिना’ मुका आहे, ही बोलतात. बऱ्याच थडग्यांच्या दर्शनी भागावर लेख आहेत आणि त्यांतले पुष्कळसे अरेटासच्या कारकिर्दीतले.

एक लेख त्याच्या ९व्या वर्षाचा. थडगं कुणी बांधलं? कमकम नावाच्या बाईने आणि तिच्या मुलीने, स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी. कमकम ही वाइलतची मुलगी, वाइलत हरामूची मुलगी. बाईच्या नावावर मालमत्ता, ओळख आईकडून. पुढे शाप आहेत: जो हे विकेल, गहाण टाकेल त्याच्यावर दुशरा देवाचा कोप. आणि नुसता शाप नाही, दंडही आहे, हजार सेला (चांदीची नाणी), तोही ‘हारिथती’ म्हणजे अरेटासच्या नाण्यांत. (त्याचं नबाती नाव हारिथत.) राजधानीपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर एक बाई राजाच्या नाण्याच्या भरवशावर आपली कबर राखते आहे. हे नशीब नव्हे, याला कारभार म्हणतात.

सरळसोट

थडगी कोरून घेणारे कोण होते ताई? सरदार, सेनाधिकारी, पैसेवाले. उंट हाकणाऱ्याचं थडगं दाखवा, मग ‘लोकांवर प्रेम’ मानतो.

आणि थोरला हेरॉड मेल्यावर यहुदी प्रदेशात बंड झालं, तेव्हा ते चिरडायला निघालेल्या रोमन सुभेदार वारूसच्या मदतीला याच राजाने फौज धाडली. त्या फौजेने गावं जाळली. लोकांवरचं प्रेम हद्दीपाशी संपत होतं वाटतं.

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. त्या काळचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की अरबस्तानचा माल पूर्वी लाल समुद्रावरच्या ल्यूके कोमे बंदरातून उंटांवर पेट्राला जायचा, आता मात्र बराचसा नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जातो. म्हणजे अरेटास गादीवर होता तेव्हा त्याच्या धंद्यात जहाजांची स्पर्धा शिरलेली होती. तरी भरभराट त्याच्याच काळातली. नशीब म्हणताय ते वारं तर उलटं वाहत होतं!

त्याच्यानंतरचा राजा मलिखस. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी टिपणात त्याचं नाव येतं. ल्यूके कोमेला आलेल्या मालावर चौथा हिस्सा जकात घेतली जाई, असंही त्यात आहे. त्याच टिपणात आपलं पैठण आणि तेर आहे. पैठणचा अकीक आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून भडोचला उतरायचं. एकाच वहीत पेट्रा आणि पैठण, मला तरी हे वाचून फार मजा आली होती.

उंटावरचा शहाणा

गोदाकाठ, हा मुद्दा खरंच विचारात घेतला नव्हता. अर्धा धागा मागे घेतो.

पण अँटिपसबरोबरचं युद्ध? म्हणे मुलीच्या अपमानाचा सूड. अँटिपसने हेरोदियासशी लग्न ठरवलं, आपल्या बायकोला, म्हणजे अरेटासच्या मुलीला, टाकायचं ठरवलं. पण सूड घ्यायला कित्येक वर्षं थांबला की हा!

रानजाई

मुलीबद्दल बोलताय तर पूर्ण सांगा. नवऱ्याचा बेत तिला आधीच कळला, आणि कळलाय हे तिने त्याला कळू दिलं नाही. सरहद्दीवरच्या माखेरस किल्ल्यावर जाऊन येते म्हणाली. तिथून एका सेनाधिकाऱ्याने दुसऱ्याच्या हवाली करत तिला बापाकडे पोचवलं. सगळी तजवीज आधीच लावलेली. थांबला म्हणता, पण भांडण हद्दीचंही होतं, आणि घाईने रोमला अंगावर घेण्याइतका तो खुळा नव्हता.

नाणेवेडा

आणि विटेलियस निघाल्याचं कळल्यावर अरेटासने शकुन पाहिला, तोही जोसेफसच सांगतो. शकुन असा निघाला: ही फौज पेट्रात शिरणार नाही, कारण युद्धाचा हुकूम देणारा, तो पाळायला निघालेला, किंवा ज्याच्यावर चाल होतेय तो, यांतला एक जण आधी मरेल.

उंटावरचा शहाणा

तिघांतला एक. तिबेरियस तेव्हा ७७ वर्षांचा, अरेटास स्वतः पिकलं पान. असला होरा मीही सांगतो हो, दक्षिणासुद्धा नको.