बीबीसी मायक्रोच्या पडद्याचा इन्स्टंट फोटो घेताना काळा पट्टा येतो

शाहूपुरीची ताई:
नमस्कार. 1984 साली सुरू झालेल्या, शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळाले होते. त्यांपैकी एक माझ्या काकांनी भंगारात जाण्यापासून वाचवला आणि गेल्या दिवाळीत माझ्या हवाली केला. एकूण मेमरी 32 केबी, त्यातली 20 केबी चार रंगांच्या पडद्यालाच लागते. उरलेल्या जागेत बसेल एवढ्याच बेसिक या प्रोग्रामिंग भाषेच्या ओळी लिहून मी त्यावर ठिपक्यांच्या रांगोळ्या काढते. यंत्र बंद केले की चित्र जाते, म्हणून त्याआधी इन्स्टॅक्स मिनी 9 या लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याने एकच फोटो घ्यायचा, असा माझा नेम आहे. परंतु प्रत्येक फोटोत फ्लॅशचा पांढरा डाग आणि आडवा काळा पट्टा उमटतो. दहा फोटोंचे अख्खे पाकीट असेच गेले. माझे काय चुकते आहे?

राजारामपुरी:
ताई, दोष तुमचा नाही. संगणकाला जोडलेल्या जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमधला किरण पडदा वरपासून खालपर्यंत 1/50 सेकंदात रंगवतो, आणि तुमच्या कॅमेऱ्याचे शटर मात्र 1/60 सेकंदच उघडे राहते. त्यामुळे पडद्याचा सुमारे सहावा हिस्सा रंगायचा राहून जातो. तोच तुमचा काळा पट्टा. मिनी 9 मध्ये हा वेग बदलता येत नाही. त्याच कंपनीचा मिनी 90 कॅमेरा कुणाकडून मिळत असेल तर पाहा. त्यात फ्लॅश बंद करता येतो आणि बल्ब मोडमध्ये बटण दाबून धरले असेपर्यंत शटर उघडे राहते. टीव्हीची ब्राइटनेस मात्र बरीच उतरवा, कारण 800 आयएसओची, म्हणजे प्रकाशाला बरीच संवेदनशील असलेली ही फिल्म एवढ्या वेळात रेषा पांढऱ्याफटक करून टाकते. त्याच कॅमेऱ्यात एका फिल्मवर दोनदा फोटो घेण्याचीही सोय आहे. पडद्यावरचा काळा भाग फिल्मवर काहीच उमटवत नाही, म्हणून आधी नुसते ठिपके आणि मग नुसत्या रेषा, असे एकाच कागदावर घेता येईल. मला स्वतःला हे फार करून पाहावेसे वाटते.

उद्यमनगर:
फोटोचे नंतर पाहू. आधी संगणकाचा पॉवर सप्लाय तपासला आहे का? या यंत्रांत मेन्सच्या बाजूला पिवळसर पारदर्शक वेष्टनाचे रिफा कंपनीचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) असतात. वेष्टनाला बारीक तडे जातात, आतला कागद दमट हवा शोषतो आणि एके दिवशी कपॅसिटर फुटून खोलीभर कुबट धूर होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे ठरलेलेच. त्याजागी नवे एक्स-2 वर्गाचे (मेन्सच्या विजेवर वापरण्याजोगे) कपॅसिटर जाणत्या कारागिराकडून बसवून घ्या. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ विद्युतभार राहतो.

फ्लॅश बंद केला तरी खोलीतला दिवा काचेवर दिसतोच. ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्याचे फोटो घेण्यासाठी पोलरॉइडचे कॅमेरे पडद्यावर टेकवायच्या आवरणासह मिळत असत. तसेच पुठ्ठ्याचे नळकांडे करून आतून काळा कागद चिकटवा.

शाहूपुरीची ताई:
दादा, पॉवर सप्लाय उघडून घेतला. एका कपॅसिटरला खरोखरच उभा तडा होता, दोन्ही बदलले. मैत्रिणीचा मिनी 90 आणून काल रात्री ठिपके आणि रेषा वेगवेगळ्या घेतल्या. पट्टा पूर्ण गेला. दुसऱ्या वेळी बटण दाबताना स्टूल किंचित हलले, म्हणून रेषा ठिपक्यांच्या जरा डावीकडून गेल्या आहेत. आता ट्रायपॉड आणि पुठ्ठ्याचे नळकांडे, दोन्ही करते.