आंब्यावर चढून वापरायला छोटी चेन सॉ: २५ सीसीची घ्यावी का, आणि सायलेन्सर उघडावा का?

कातळकर

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बासष्ट झाडं. त्यातली वीसेक वडिलांच्या हातची, पस्तीस-चाळीस फुटांच्या वर गेलेली. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं (मी मुंबईत, बाग गड्यावर, पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे) आणि शेंड्यांवर बांडगूळ असं माजलंय की रस्त्यावरून जाणाऱ्याला झाड हिरवंगार वाटावं. जवळ गेलं की कळतं, निम्मी पानं आंब्याची नाहीतच.

आमचा चढणारा गडी सत्तरीला आला. कोयतीने बांडगूळ ओरबाडून खाली उतरतो, पण मूळ फांदीतच राहतं आणि पाऊस संपला की पुन्हा तेच. फांदीच उडवायला हवी. माझ्याकडे ४५ सीसीची, १६ इंची बारची (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) मशीन आहे. जमिनीवर ओंडके करायला उत्तम. ती घेऊन एकदा दुसऱ्या बेचक्यापर्यंत चढलो, पाच मिनिटं झाडाला मिठी मारून बसलो आणि न चालवताच दोरीने खाली सोडली.

म्हणून आता हँडल इंजिनाच्या डोक्यावर असतं ती छोटी मशीन बघतोय. २५ सीसीची चिनी, १० इंची बारची, ऑनलाइन सहा-सात हजारांत दिसते. नामांकित कंपनीची त्याच्या कित्येक पट. एका व्हिडिओत एक जण सायलेन्सरला दोन भोकं पाडतो आणि मग मशीन मनगटाएवढी फांदी काकडीसारखी कापते. चिनी घेऊन तिला असं सुधारून वापरावं, की पैसे साठवून चांगलीच घ्यावी? कोणी प्रत्यक्ष झाडावर वापरली असेल तर सांगा. जमिनीवरच्या मशीनचं ज्ञान मला आहे (असं मला वाटतं).

फाटीवालो

माज्याकडे ता मशीन तीन वर्सा आसा. पयल्या वर्साक कारबोरेटर गेलो, दुसऱ्या वर्साक स्टार्टरची दोरी हातात इली. पण फाटी (जळणाची लाकडा) करूक बरा. झाडार घेवन चढूचा धाडस माका नाय. तुमी चढतालात तर आधी घरच्यांका इचारा.

दोरावरचा

कातळकर, मी पुण्यात झाडांवर चढूनच पोट भरतो. सोसायट्यांमधली वाळकी झाडं, वायरींवर आलेले गुलमोहर, गाड्यांवर ओणवे झालेले रेन ट्री. अकरा वर्षं झाली. तेव्हा मशीनचं नंतर बोलू, आधी तुम्ही वर कसे उभे राहणार ते सांगा. 'बेचक्यात पाय अडकवून' हे उत्तर असेल तर कुठलीच मशीन घेऊ नका.

ही वरच्या मुठीची मशीन फक्त दोरावर, हार्नेसमध्ये असलेल्या माणसासाठी बनवलेली असते. दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने ती अडचणीच्या जागी वळते, आणि त्याच कारणाने उसळली तर आवरायला हातात जोर मिळत नाही. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला की ती सरळ तोंडाकडे येते. जमिनीवरच्या मशीनमध्ये आणि तोंडामध्ये निदान हातभर अंतर असतं, इथे वीतभर.

आणि ती एका हाताने चालवायचा मोह होतोच. हलकी असते, दुसऱ्या हाताने फांदी धरावीशी वाटते. माझंच सांगतो. चिपळूणच्या अलीकडे एका आंब्यावर होतो. कोकणातला आंबा म्हणजे ओंबील आलीच, ती लाल मुंगी, पानं शिवून घरटं करणारी. मी फांदी हलवली आणि घरटं कॉलरमध्ये रिकामं झालं. डावा हात आपोआप मानेवर गेला. उजव्या हाताने रेस सुटली नाही. बारचं टोक मागच्या खुंटाला लागलं आणि मशीन उसळून खाली आली ती माझ्या कमरेच्या दोरावर. डावा हात पुढच्या मुठीवर असता तर मनगट ब्रेकच्या पात्यावर आदळून चेन थांबली असती. पण तो मुंग्या मारत होता! दोर निम्मा कापला गेला, आतले पांढरे तंतू कापसासारखे बाहेर आले. कापताना मी नेहमी दोन ठिकाणी बांधलेला असतो, म्हणून आज हे टाइप करतोय.

आता मशीन. तुम्ही बघताय ती बहुतेक जपानी झेनोआ जी २५०० ची नक्कल असणार. मूळ डिझाइन चांगलं आहे, नकलेत नळ्या, रबर आणि चेन यांत पैसे वाचवलेले असतात. वजन तीन किलोच्या आसपास. याच वर्गात एकोची सीएस-२५११ टी आहे, बार-चेन सोडून सुमारे २.३ किलो. हे सातशे ग्रॅम दुकानात हातात धरून कळत नाहीत. तिसऱ्या झाडावर कळतात.

चिनीच घ्यायची तर इंजिनाला हात लावू नका, चेन बदला. सोबत येते ती ३/८ लो प्रोफाइल (३/८ हे कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात). २५ सीसीला ती जड जाते, दात मोठा घास घेतो आणि इंजिन गुदमरतं. पाव इंची चेन लावली की तीच मशीन बारीक बारीक घास घेत सरळ कापत जाते, हाताला धक्के कमी. पण नुसती चेन मागवू नका. बार आणि क्लचवरचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) दोन्ही त्याच मापाचं लागतं. ३/८ ला सहा दाती स्प्रॉकेट असतं, पाव इंचीला आठ दाती. एका फेऱ्यात चेन साडेचार इंच पळायची ती चारच इंच पळते, म्हणून इंजिनावरचा ताणही उतरतो. माझ्या मते या मशीनमध्ये करण्यासारखी सुधारणा ही एवढीच. आणि मागे दोर अडकवायची कडी आहे का बघा. नसेल तर ती मशीन झाडावर न्यायची नाही. प्लास्टिकच्या मुठीला सुतळी बांधलेली मी पाहिली आहे, आणि खाली पडलेली मशीनही.

एक मात्र मनापासून. बांडगुळाच्या फांद्या मनगटाएवढ्याच असतील ना? मग आधी वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी जपानी करवत घ्या, ३३ सेंटिमीटर पात्याची. कमरेला म्यानात राहते. तीन-चार इंची ओली फांदी अर्ध्या-पाऊण मिनिटात. माझी मशीन दिवसातला बराच वेळ दोरावर लोंबकळत असते.

प्लग_पॉइंट

कुडाळात लहान इंजिनांचं गॅरेज आहे. सायलेन्सरबद्दल मी सांगतो, कारण भोकं पाडलेल्या मशीन शेवटी माझ्याच टेबलावर येतात.

व्हिडिओ खोटा नाही, वाट मोकळी केली की ताकद थोडी वाढते. पण धूर लवकर बाहेर गेला की हवा जास्त आत येते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं, आणि टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळत असल्याने ते तापलेलं इंजिन वर कोरडंही चालतं. पिस्टन बाहेर काढला की सायलेन्सरच्या बाजूलाच उभे ओरखडे दिसतात, मांजराने नखं मारल्यासारखे. दुसऱ्या बाजूने नवा कोरा! गिऱ्हाईक म्हणतं, "परवापर्यंत एकदम सणसणीत चालत होती." चालणारच. सणसणीत चालत होती म्हणून तर गेली.

भोक पाडलं तर कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडून पेट्रोल वाढवावंच लागतं. रिकामी पूर्ण रेस दिल्यावर आवाज जरा फाटका, फडफडता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हायला हवा. रिकामी असतानाच शिट्टीसारखा साफ आवाज आला तर तिथेच थांबा. हे कानाने कळायला दहा-वीस मशीन बिघडवाव्या लागतात, माझ्याही बिघडल्यात.

दुसरी गोष्ट व्हिडिओवाला सांगत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ठिणगी अडवायला. भोकं पाडली की ठिणगी त्या जाळीला वळसा घालून बाहेर. तुमचं नावच कातळकर, सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत डिसेंबरनंतर कसं होतं ते तुम्हाला मी काय सांगू. एक ठिणगी आणि वणवा शेजाऱ्याच्या कलमांत. ताकद कमी वाटली तर आधी ती जाळी काढून बघा. काजळीने बुजलेली असते. तारेच्या ब्रशने घासली की अर्ध्या लोकांना 'मॉडिफिकेशन' केल्यासारखं वाटतं. मी त्याचे पन्नास रुपये घेतो.

पेट्रोल: पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. ते पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक करतं. तुमच्यासारखे मुंबईहून दोन महिन्यांनी येणारे मालक माझे सर्वात चांगले गिऱ्हाईक आहेत. धंदा बुडवून सांगतो, जाताना टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. ऑइल मशीनच्या कागदावर लिहिलंय तेवढंच, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. अंदाजे टोपणाने नको. आणि चेनला गाडीचं जळकं ऑइल घालू नका, पंपाची बारीक वाट चोंदते.

कातळकर

सगळ्यांचे आभार. फाटीवाल्यांनू, घरात इचारला. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

दोरावरचे साहेब, बेचक्यात पाय अडकवूनच उभा राहणार होतो. एक शंका: बांडगूळ जिथे चिकटलंय तिथेच कापायचं की अजून खाली? आणि कापलेल्या जागी काय लावायचं?

दोरावरचा

चिकटलेल्या जागी फांदी फुगलेली दिसते. त्याच्या खाली निदान फूटभर, चांगल्या लाकडात. मुळं आत बरीच पुढे गेलेली असतात. बांडगुळाला फळं धरायच्या आत काढा, नाहीतर फुलटोचे पक्षी चिकट बिया पुढच्या झाडावर पुसून ठेवतातच. जाड काप असेल तर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नाही. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आंब्याचा चीक चेनवरून उडतो, दुसऱ्या दिवशी हातावर फोड येतात.

कातळकर

पाच आठवड्यांनी हिशेब देतोय. मशीन चिनीच घेतली, कडीवाली. पाव इंची बार, चेन आणि स्प्रॉकेट मिळून मशीनच्या निम्म्या किमतीत पडले. स्प्रॉकेट काढताना क्लच उलट्या आट्यांचा असतो हे माहीत नव्हतं, अर्धा तास घट्टच करत बसलो होतो. सायलेन्सर तसाच आहे. जपानी करवतही घेतली. आणि वर मी गेलोच नाही, दोरावर काम करणारे दोन पोरगे रोजावर आणले.

पहिल्या सहा झाडांवर मी खाली बसून मोजलं. एकूण त्र्याहत्तर काप. मशीन सुरू केली ती नऊ वेळा, बाकी सगळं करवतीने. आमचा म्हातारा गडी माझ्या शेजारी विडी ओढत बसला होता. तासभर वरून काहीच आवाज येईना तेव्हा म्हणाला, "नवी मशीन इतक्यातच बिघडली काय?"