मदत हवी आहे : कसोटी कर्णधारांची क्रमवारी लावताना संघाची ताकद वेगळी कशी काढावी?

नमस्कार,

१९३२ मध्ये सी. के. नायडूंनी नेतृत्व केलेल्या पहिल्या कसोटीपासून आजवरच्या भारतीय कर्णधारांची क्रमवारी संख्याशास्त्राच्या आधारे लावण्याचे काम मी हाती घेतले आहे. प्रत्येक कसोटीचा निकाल, मैदान, नाणेफेक, दोन्ही संघांचे अकरा खेळाडू आणि कर्णधार अशी नोंद तक्त्यात तयार आहे. अडचण आकडेमोडीची नाही. निकालातला कर्णधाराचा वाटा कोणता आणि त्याच्या हाती आलेल्या संघाचा वाटा कोणता, हे वेगळे करण्याची पटणारी रीत मला हवी आहे. येथे संख्याशास्त्राचे अभ्यासक आहेत आणि क्रिकेट मनापासून पाहिलेले जाणकारही आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विजयांची टक्केवारी हे सर्वांत सोपे माप. विराट कोहलीने ६८ पैकी ४० कसोटी जिंकल्या, महेंद्रसिंग धोनीने ६० पैकी २७, सौरव गांगुलीने ४९ पैकी २१ आणि अजिंक्य रहाणेने ६ पैकी ४. या मापाने रहाणे ६६.७ टक्क्यांसह कोहलीच्या (५८.८) वर जातो आणि १६ पैकी ४ विजय मिळवणारे अजित वाडेकर २५ टक्क्यांवर, यादीच्या बरेच खाली राहतात. ज्या कर्णधाराने १९७१ या एकाच वर्षात वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, त्याला खाली बसवणारे माप मला मान्य होत नाही.

वाडेकरांचाच एक सामना जवळून पाहू. फेब्रुवारी १९७१ मधल्या किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसाने वाया गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली असताना मडगावचे दिलीप सरदेसाई आणि एकनाथ सोलकर यांनी डाव सावरला, सरदेसाईंनी २१२ धावा केल्या आणि भारताने ३८७ पर्यंत मजल मारली. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. आघाडी १७० धावांची होती. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच दुसऱ्यांदा फलंदाजी करायला लावण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते, परंतु एक दिवस बुडाल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला आणि ही मर्यादा १५० वर आली, हे वाडेकरांनी हेरले व गॅरी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण पुढचीच पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला कसोटी विजय नोंदवला. माझ्या तक्त्यात मात्र किंग्स्टनपुढे केवळ ‘अनिर्णित’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्याला कोणत्याही रटाळ अनिर्णित सामन्याइतकेच, म्हणजे अर्धा गुण, एवढेच मोल मिळते. अनिर्णित सामन्यांचे ओझे त्या काळातील सर्वच कर्णधारांवर आहे : सुनील गावसकर यांच्या ४७ पैकी ३० कसोटी अनिर्णित राहिल्या, तर कपिल देव यांच्या ३४ पैकी २२, शिवाय १९८६ ची मद्रासची बरोबरीत सुटलेली कसोटी वेगळीच. पराभव, अनिर्णित आणि विजय अशा तीन पायऱ्यांचे मॉडेल बसवून त्यात दशकानुसार अनिर्णितची शक्यता बदलू द्यावी, असा माझा विचार आहे. पहिल्या डावातील आघाडी हाही एक निकष म्हणून घ्यावा का?

दुसरा प्रश्न थोड्या सामन्यांचा. रहाणेच्या ६ कसोटींवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून प्रत्येकाची टक्केवारी सरासरीकडे ओढण्याची बेझियन रीत मी वापरून पाहिली. प्रत्येक कर्णधाराच्या खात्यात आधीच २० काल्पनिक सामने आणि त्यांत ७ विजय आहेत असे धरले, तर कोहली ५३.४, धोनी ४२.५, रहाणे ४२.३, गांगुली ४०.६ आणि वाडेकर ३०.६ असे आकडे येतात. मात्र काल्पनिक सामने २० ऐवजी १० धरले आणि विजयांचे प्रमाण तेच ठेवले, तर रहाणे ४६.९ वर जातो आणि धोनी ४३.६ वर राहतो. म्हणजे दोघांचा क्रम केवळ माझ्या गृहीतकामुळे उलटतो. काल्पनिक सामन्यांचे हे वजन स्वतःच्या मनाने न ठरवता माहितीवरूनच काढावे हे तत्त्व मला ठाऊक आहे, परंतु कर्णधार ३५ हून थोडेच अधिक आहेत आणि त्यांतील अनेकांनी मोजक्याच कसोटींत नेतृत्व केले आहे. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवरून काढलेले वजन विश्वासार्ह मानावे का?

खरी गाठ मात्र पुढे आहे. आयसीसीची क्रमवारी अलीकडच्या काही वर्षांपुरती असते आणि तीत मायदेश-परदेश असा भेद नसतो, त्यामुळे इतिहासासाठी मी बुद्धिबळातील एलो पद्धत निवडली. सामन्यापूर्वीच्या दोन्ही संघांच्या गुणांकावरून अपेक्षित निकाल काढायचा आणि प्रत्यक्ष निकालातून तो वजा करून उरलेला भाग कर्णधाराच्या नावे जमा करायचा. परंतु कर्णधार जिंकत गेला की संघाचा गुणांक वाढतो, अपेक्षाही वाढते आणि त्याच्याच यशामुळे त्याच्या पुढच्या विजयांचे मोल घटत जाते. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याच्या संघाने १९८४ मध्ये सलग ११ कसोटी जिंकल्या, तेव्हा शेवटच्या काही विजयांचे श्रेय या पद्धतीत लॉइडला जवळजवळ मिळतच नाही. आमटीत विरघळलेले मीठ निराळे काढता येऊ नये तसे ते संघाच्या गुणांकात मुरून जाते. बरे, संघाची ताकद निकालांऐवजी अकरा खेळाडूंच्या फलंदाजी-गोलंदाजीच्या सरासरीवरून मोजावी, तर त्या सरासरीवरही कर्णधाराचा हात फिरलेला असतो. १९८१ पर्यंत इयन बोथमला इंग्लंडचा कर्णधार म्हणून १२ कसोटींत एकही विजय मिळाला नव्हता. आधीचा कर्णधार माइक ब्रिअर्ली नेतृत्वाला परतला आणि त्याच बोथमने हेडिंग्लेत नाबाद १४९ धावा केल्या. फुटबॉलचे प्रशिक्षक एका क्लबातून दुसऱ्यात जातात, त्यामुळे तेथे व्यक्ती आणि संघ यांचा वाटा निरखता येतो. कसोटी कर्णधार देश बदलत नाही.

म्हणूनच एकाच मालिकेत कर्णधार बदललेले प्रसंग मला मोलाचे वाटतात. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, कोहली मायदेशी परतला आणि रहाणेच्या नेतृत्वाखाली मेलबर्न व ब्रिस्बेन जिंकून भारताने मालिका २-१ अशी घेतली. परंतु येथेही एक खोच आहे. ३६ सारखी धावसंख्या क्वचितच होते, त्यानंतरचा सामना कोणाच्याही हाताखाली त्याहून चांगलाच गेला असता. बोथम-ब्रिअर्लीच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण मंडळे कर्णधार बदलतात तीच मुळी वाईट काळानंतर. कोहली पितृत्वाच्या रजेवर गेला होता, हकालपट्टी झाली नव्हती, एवढ्यापुरता तो प्रसंग अधिक निर्मळ ठरतो असे मला वाटते. दुखापत, आजार वा घरगुती कारणामुळे झालेलेच बदल निवडून त्यांवर मॉडेल तपासावे, हे योग्य होईल का?

मैदानाबद्दल थोडक्यात. कोहलीने मायदेशी २४ कसोटी जिंकल्या आणि केवळ २ गमावल्या, त्यामुळे मायदेशाचा फायदा धरावाच लागतो. तो सर्वत्र सारखा धरणे मात्र मला पटत नाही. त्या दोन पराभवांपैकी एक २०१७ मधला पुण्याचा, जेथे फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीचा फायदा पाहुण्या ऑस्ट्रेलियालाच झाला आणि त्यांच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ बळी घेतले.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी, की कर्णधाराच्या काळातील निकाल वगळून त्याच्या आधीच्या व नंतरच्या काळावरून संघाची ताकद अंदाजणे हा मार्ग संख्याशास्त्राच्या दृष्टीने टिकतो का, हे प्रथम सांगावे. लॉइडसारख्या दीर्घ कारकिर्दीत आधीचे आणि नंतरचे खेळाडू पूर्णपणे निराळे असतात, तेथे काय करावे हेही लिहावे. आर या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत हे बसवण्याचा कोणाला अनुभव असल्यास मॉडेलची मांडणी कृपया येथेच द्यावी. माझा तक्ता मी लगेच उपलब्ध करून देईन.