टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पुरावर जाहीर व्याख्यानं व्हावीत का?

पंचगंगाकाठ
कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात शाळेची सहल येते, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती लहानशी कांस्यमूर्ती बघते आणि बागेत डबे खाऊन परत जाते. मोठेपणी त्यातलं कुणी पुन्हा फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की तिथं दर महिन्याला गावाच्या आजच्या प्रश्नावर एक जाहीर व्याख्यान व्हावं आणि पहिला विषय पूर असावा.

तिथंच का? कारण त्या संग्रहालयाची सुरुवातच नदीकाठच्या मातीतून झाली. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचं टेकाड खणलं, त्यात सातवाहनकाळची वस्ती निघाली आणि या वस्तू ठेवायला संग्रहालय उभं राहिलं. त्या माणसांनी नदी जवळ ठेवली, पण घरं उंचावर बांधली. आपण मात्र 2005, 2019 आणि 2021 बघूनही सखल भागात भराव टाकून अपार्टमेंट उभी करतोय. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषांपैकी निळी म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय, हे फ्लॅट घेणाऱ्याला नीट सांगणारी एक तरी सार्वजनिक जागा गावात हवी.

जुनी नाणी
विरोध. आधी एक दुरुस्ती. पांढरीचं, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीचं टेकाड बरंचसं वस्तीमुळंच उंच होत जातं. घर पडतं, त्याच मातीवर दुसरं उभं राहतं, असे शेकडो वर्षांचे थर साठतात. आज दिसणाऱ्या उंचीवरून "पूर्वजांना पूर कळत होता" असं म्हणता येत नाही. व्याख्यानमालेत हेच होणार याची मला भीती आहे. आपल्याला हवा तो धडा जुन्या वस्तूंच्या तोंडी घातला जाणार.

शिवाय संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं आहे. आज पूर, उद्या हद्दवाढ, परवा निवडणूक. शहर आणि खेडी हद्दवाढीवरून किती वर्षं भांडतायत ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो वाद नाण्यांच्या कपाटांपुढं कशाला? अभिरक्षकाला वस्तूंची नोंद, साफसफाई आणि जपणूक करू द्या. तेवढ्यालाच माणसं पुरत नाहीत.

पंचगंगाकाठ
टेकाडाबद्दल तुमचं बरोबर, मी घाईनं लिहिलं. पण हेच तुम्ही तिथं उभं राहून शंभर लोकांना सांगितलंत तर? पुराचे थर मातीत कसे ओळखतात, ते ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.

सुतारमळा
ताई, दादा, मी दोघांच्याही बाजूचा नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 ला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. आम्हाला पूर समजावून सांगायला कुणी सर नकोत. दरवर्षी बोचकी बांधून शाळेत जाऊन राहतो आम्ही. 2019 ला तिथं पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा घरात कुठवर आलं होतं ते भिंतीवर खिळ्यानं ओरखडून ठेवलंय आईनं. त्याच्या वर 2021 चा ओरखडा आहे.

व्याख्यान कुणाचं, ऐकणारा कोण, ते आधी ठरवा. मंगळवारी सकाळी 11 ला ठेवलंत तर माझा खाडा होतो. आणि वरती साहेब, खाली आम्ही, अशी मांडणी असेल तर मी येणार नाही.

शिरोळकर
शहरात असं व्याख्यान झालं की सगळा दोष नदीकाठच्या गरिबांच्या अतिक्रमणावर जातो. आमच्याकडं नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. पाणी चढतं झपाट्यानं आणि उतरता उतरत नाही. खाली कृष्णेवर कर्नाटकचं अलमट्टी धरण आहे. त्याची पाणीसाठ्याची पातळी 519.60 मीटर आहे ती कर्नाटकला 524.256 करायचीय. त्यावर बोलणार आहात का? नसाल तर ती चर्चा अर्धवट.

जुनी नाणी
बघा, सुरू झालं. राज्य सरकारनं पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं. ते शिरोळच्या लोकांना पटलं नाही, हेही खरं. दोन तास आरडाओरडा होईल आणि दुसऱ्या दिवशी "संग्रहालयानं अमुक बाजू घेतली" असं छापून येईल. ते निस्तरणार कोण?

शिरोळकर
समितीचा अहवाल आमच्यासमोर वाचा की. आम्ही आमच्या गावच्या पाण्याच्या तारखा घेऊन येतो. पाणी कुठल्या दिवशी चढलं, धरणातून विसर्ग किती, सगळं जुळवून बघू. हे जिल्हाधिकारी कार्यालयात होत नाही, तिथं फक्त निवेदन स्वीकारतात.

पंचगंगाकाठ
सुतारमळा, तुमच्या भिंतीवरचे ओरखडे वाचल्यापासून मी माझा प्रस्ताव बदलतेय. व्याख्यान नंतर. आधी शुक्रवार पेठ, कुंभार गल्ली, सुतारमळा, चिखली, आंबेवाडी इथल्या घरांतल्या पाण्याच्या खुणा मोजायच्या, फोटो काढायचे आणि रविवारी संध्याकाळी त्या घरच्यांनीच त्या दाखवायच्या. तज्ज्ञ शेवटी बोलतील, विचारलं तर.

जुनी नाणी
खुणांची नोंद करणार असाल तर मी मदत करीन. जागा, उंची, तारीख, सांगणाऱ्याचं नाव, हे सगळं वस्तूच्या नोंदवहीसारखं नीट लिहिलं पाहिजे. तो खरा दस्तऐवज होईल आणि संग्रहालयानं तो जरूर ठेवावा. जाहीर सभेला मात्र माझा विरोध कायम आहे. त्यासाठी शाहू स्मारक भवन आहे.

सुतारमळा
शाहू स्मारकला सगळेच जातात दादा. टाऊन हॉलच्या आत मी चौथीत असताना गेलो होतो, त्यानंतर नाही. मोजायला या. पण पावसाच्या आत या, घरमालक यंदा भिंत रंगवायची म्हणतोय.