कालच्या ग्रँड नॅशनलचा हिशोब: ३३ ला १ वाला घोडा आधी ओळखता आला असता का?

भडगावचा_भाऊ
आज रामनवमी त्यात रविवार, म्हणून निवांत लिहितोय. काल रात्री साडेआठला लिव्हरपूलजवळच्या एनट्रीची ग्रँड नॅशनल, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारायची घोड्यांची रेस, आम्ही पाच जणांनी गच्चीवर मोबाईलवर बघितली, पैसेबिसे काही नाही, ज्याचे घोडे सगळ्यात मागे त्याने भरीत-पुरी द्यायची एवढंच. मी सकाळपासून डोकं लावून दोन काढले होते, आयरोको कारण तो फेव्हरेट, आणि आय अ‍ॅम मॅक्सिमस कारण २०२४ ला तोच जिंकला होता. मॅक्सिमस दुसरा, आयरोको चौथा. म्हणजे टिपा अगदीच टाकाऊ नव्हत्या ना? पण जिंकला निक रॉकेट, भाव ३३ ला १ (म्हणजे एक लावला की तेहतीस मिळणार), आणि तो कुणाच्या चिठ्ठीत तर आमच्या मेव्हण्याच्या, ज्याला फक्त रॉकेट हे नाव आवडलं होतं!! रात्रभर झोपू दिलं नाही त्याने.
आमच्यातल्या तिसऱ्याचा ब्रॉडवे बॉय सगळ्यांच्या पुढे होता, हा पठ्ठ्या उभा राहून नाचायला लागला आणि पंचविसाव्या उडीला घोडा मानेवर असा आपटला की गच्चीवर कुणी बोलेचना. घोडा वाचला म्हणे, बरं झालं.
तर जाणकारांनो, माझं चुकलं कुठे?

चाळीसगाव_पॅसेंजर
ओळखता आला असता भो. निक रॉकेटने जानेवारीत गौरन पार्कची थायेस्टीज रेस मारली, फेब्रुवारीत फेअरीहाऊसची बॉबीजो रेस, लागोपाठ दोन, दोन्ही आयर्लंडमधल्या. मग भाव ३३ का? तर घोड्यांचा ट्रेनर विली मलिन्सच्या तबेल्याचा मेन जॉकी पॉल टाऊनएंड मॅक्सिमसवर बसला आणि रॉकेटवर बसला मलिन्सचा पोरगा पॅट्रिक, जो अमॅच्युअर, म्हणजे हौशी स्वार आहे. मेन जॉकीने जो सोडला तो हलका असं सगळ्यांनी धरलं, मी पण धरलं. आणि ही हँडिकॅप रेस आहे, चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात, मॅक्सिमसवर सगळ्यात जास्त होतं, साधारण ७५ किलो, रॉकेटवर त्याच्यापेक्षा पावणेदोन-दोन किलो कमी. सात किलोमीटरला थोडे कमी, तीस उड्या, आणि शेवटी फरक किती तर अडीच घोड्यांच्या लांबीएवढा. आता तूच हिशोब कर. तिसरा ग्रँजक्लेअर वेस्ट पण मलिन्सचाच, म्हणजे तुला तबेला बरोबर सापडला होता, दार चुकलं.
पॅट्रिकचा बाप विली नंतर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडला ते बघितलं का? घोड्याच्या मालकाची बायको कॅन्सरने गेलेली, तिच्या आठवणीत पळवत होते तो.

तापीकाठ
आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडा घेताना देवमण, पंचकल्याण अशा अंगावरच्या शुभ खुणा बघतात, रेवाल चाल बघतात, दात मोजून वय काढतात आणि तरी घरी नेल्यावर घोडा लाथा मारतो. तुम्ही मोबाईलवर बघून काय ओळखणार 😄
जंपिंगच्या रेसमध्ये स्वतःचा घोडा चांगला असून भागत नाही, पुढचा पडला की मागचे त्याच्यावर. याच ग्रँड नॅशनलला १९६७ ला तेविसाव्या उडीला, म्हणजे तिथल्या छोट्यातल्या छोट्या उड्यांपैकी एक, बिनास्वाराचा एक घोडा आडवा आला आणि जवळजवळ अख्खी रेस तिथेच अडकली, फॉइनाव्हन इतका मागे होता की त्याला वाट काढायला वेळ मिळाला, जिंकला, १०० ला १. त्या दिवशी कुणाची टिप काय कामाची? त्या उडीला आता त्याचंच नाव आहे.

पाचोऱ्याची_ताई
भाऊ, टिपा विकणाऱ्यांच्या नादी लागू नका एवढंच सांगते. आमच्या ह्यांनी एका टेलिग्राम ग्रुपला गेल्या वर्षी पाचशे भरले, सकाळी सहा नावं आली, रेस झाल्यावर पाच मेसेज गायब आणि उरलेल्या एकावर 'सांगितलं होतं ना' म्हणून फटाके. मी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते ते ग्रुपवर टाकले तर आम्हालाच ब्लॉक. ते पाचशे आजही घरात निघतात कशावरून पण, दूध नासलं तरी निघतात.

भडगावचा_भाऊ
ताई 😂😂
पॅसेंजर भो, थायेस्टीजचं मला खरंच माहीत नव्हतं, मी फक्त भाव आणि मागच्या वर्षीचा निकाल बघितला. मेव्हण्याला हे वाचून दाखवलं तर म्हणे मला सगळं माहीत होतं.
आणि ब्रॉडवे बॉयवाला आता पलटी मारतोय, म्हणे एप्रिलात कुठली बामणोदची वांगी, भरीत मार्गशीर्षात देईन. ठीक आहे म्हटलं, मग सारंगखेड्यातच दे, यात्रेत. तापीकाठ भाऊ, तुमच्याकडे पाच माणसांची झोपायची सोय होईल का?